पिशवीतले कान

'कुत्र्यांना प्रवेश नाही' ही पाटी माणसाने प्रथम केव्हा लावली याचा शोध कोणी घेऊ लागला, तर त्याला बरेच मागे जावे लागेल. माझ्या वाचनात ती पहिल्यांदा येते ती महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात. द्रौपदी वाटेत पडली, चारी भाऊ पडले, आणि उरला एकटा धर्मराज. त्याच्या मागोमाग एक कुत्रा चालत होता. इंद्र रथ घेऊन समोर आला. धर्मराजाला रथात घ्यायला त्याची ना नव्हती. अडचण होती ती कुत्र्याची. कुत्री बाळगणाऱ्यांना स्वर्गात जागा नाही, असा तिथला नियम इंद्राने सांगितला. यावर धर्मराजाने जो वाद घातला तो आपल्या वाङ्मयातला याविषयीचा पहिला खटला म्हणायला हरकत नाही. आपल्या आश्रयाला आलेल्याला सोडून मी येत नाही, असे त्याने साफ सांगितले, आणि शेवटी तो कुत्रा म्हणजे प्रत्यक्ष यमधर्मच निघाला.

वर्गात ही कथा सांगताना मला दर वर्षी एक शंका येते. कुत्रा देव निघाला म्हणून तंटा मिटला. तो नुसता कुत्राच असता, आणि शिवाय धर्मराजाच्या काही कामाचा असता, तर इंद्राने काय केले असते?

मराठी भाषेने या प्राण्याला वागवले आहे ते तर विचारूच नका. ज्याचे वाईट व्हावे त्याला आपण कुत्र्याची मौत देतो. ज्याला कोणी विचारीत नाही त्याला काळे कुत्रेही विचारीत नाही. शेपूट नळीत घालून पाहण्याचा प्रयोग तर आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आहोत. दुसरीकडे दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसलेली, खंडोबाच्या बरोबर कुत्रा, आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज. म्हणजे देवळात पूज्य आणि ओसरीवर हाड्! अलीकडे भाषेने आणखी एक गंमत केली आहे. कुत्रा पोलिसांत भरती झाला की त्याचा एकदम 'श्वान' होतो. गल्लीत असतो तो कुत्रा, आणि पथकात असते ते श्वान. काम मिळाले की संस्कृत नाव मिळते, हे निदान सरळ आहे.

मी ज्यांच्याविषयी लिहिणार आहे त्या कुत्र्यांना असे काम आहे, पण नाव नाही. त्यांना मी आपला मदतनीस कुत्रा म्हणतो. तो घर राखीत नाही, आणि मांडीवर बसून लाड करून घेणे हा त्याचा धंदा नव्हे. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, किंवा ज्याला एखादा असा आजार आहे की तो रस्त्यात केव्हा दगा देईल याचा नेम नाही, अशा माणसाची एक ठराविक उणीव भरून काढायला तो शिकलेला असतो. त्यांतही मला सांगायचे आहे ते लहान चणीच्या कुत्र्यांविषयी. कारण मोठ्या कुत्र्याचे काम लोकांना पटते. लहान कुत्रा दिसला की लोक म्हणतात, "अय्या, किती गोड!" आणि तिथेच सगळी पंचाईत सुरू होते.

या प्रकाराची पद्धतशीर सुरुवात डोळ्यांपासून झाली. पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबुर्ग येथे १९१६ साली वाटाड्या कुत्र्यांची पहिली शाळा निघाली. अशाच एका जर्मन शाळेविषयी डोरोथी हॅरिसन युस्टिस या अमेरिकन बाईंनी १९२७ मध्ये 'सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट' या साप्ताहिकात लेख लिहिला. तो नॅशव्हिल गावच्या मॉरिस फ्रँक नावाच्या अंध तरुणाला वाचून दाखवण्यात आला. पोराने बाईंना पत्र टाकले, त्यांच्याकडे स्वित्झर्लंडला जाऊन तो कुत्रीबरोबर शिकला, आणि १९२८ साली आपल्या 'बडी'ला घेऊन परत आल्यावर बातमीदारांच्या देखत न्यूयॉर्कचा गजबजलेला रस्ता ओलांडून त्याने दाखवला. पुढच्याच वर्षी 'द सीइंग आय' ही संस्था उभी राहिली. साप्ताहिकातल्या लेखाने एवढे होऊ शकते, हे संपादकांच्या नजरेस आणून द्यावेसे वाटते! फ्रँकला रस्ता ओलांडणे जमले. पुढे अनेक वर्षे झगडावे लागले ते हॉटेलांच्या आणि आगगाड्यांच्या दारांशी.

वाटाड्या कुत्रा मोठा लागतो, याला साधे कारण आहे. त्याच्या पाठीवरच्या पट्ट्याची मूठ उभ्या माणसाच्या हाताला लागली पाहिजे, आणि माणूस खड्ड्याकडे वळला तर त्याला रोखण्याइतके वजन कुत्र्यात पाहिजे. चाकाची खुर्ची ओढणे, तोल जाणाऱ्याला आधार देणे हीही थोरांचीच कामे. पण ऐकणे आणि वास घेणे यांना उंची लागत नाही. माणसाचा कान फार तर वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज पकडतो; कुत्र्याचा कान पंचेचाळीस हजारांच्या आसपास पोचतो. नाकाची तर तुलनाच नको. हे कान आणि हे नाक चार किलोच्या कुत्र्यातही तितक्याच कामाचे असतात, आणि शिवाय तो खुर्चीखाली मावतो, रिक्षात पायाशी बसतो, गर्दीत उचलून घेता येतो आणि खातोही बेताने.

लहान कुत्र्याच्या कर्तबगारीची एक गोष्ट मला फार आवडते. १९४४ साली न्यू गिनीच्या जंगलात अमेरिकन सैनिकांना खंदकात यॉर्कशायर टेरियर जातीची एक कुत्री सापडली. वजन दोन किलोंहूनही कमी. बिल विन नावाच्या सैनिकाने ती विकत घेऊन 'स्मोकी' म्हणून पाळली. पुढे फिलिपाइन्समध्ये लिंगायेन येथील धावपट्टीखालून टेलिफोनची तार न्यायची होती. धावपट्टी खणायची तर विमाने बंद, आणि काम करणारी माणसे शत्रूच्या माऱ्याखाली. सत्तर फूट लांबीचा आणि आठ इंच व्यासाचा नळ तेवढा होता. स्मोकीच्या गळपट्ट्याला दोरी बांधली. विन पलीकडच्या तोंडाशी बसून हाका मारीत राहिला, आणि ती अर्धवट मातीने बुजलेल्या नळातून तार घेऊन बाहेर आली. त्याआधी विन डेंग्यूने रुग्णालयात पडला असताना मित्रांनी तिला त्याच्याकडे आणले होते. तेव्हा परिचारिका तिला इतर जखमींच्या खाटांकडेही नेऊ लागल्या. रुग्णांचे मन रमवणाऱ्या कुत्र्यांची परंपरा पुष्कळ जण तिच्यापासून मोजतात. आपल्याकडेही 'अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन' ही संस्था शाळांत आणि रुग्णालयांत शिकवलेली कुत्री नेते. पण तो प्रकार वेगळा, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ती कुत्री पुष्कळांना थोडा वेळ आनंद देतात. मदतनीस कुत्रा एकाच माणसाची चोवीस तास चाकरी करतो.

कानांचे काम करणारी कुत्री शिकवण्याला अमेरिकेत १९७०नंतरच्या दशकात सुरुवात झाली. इंग्लंडात 'हिअरिंग डॉग्ज फॉर डेफ पीपल' ही संस्था १९८२ साली निघाली. कॉकर स्पॅनियल, लहान पूडल, मिश्र जातीची कुत्री असली मंडळी तिथे शिकतात. शिक्षणातली मख्खी सांगण्यासारखी आहे. दारावरची घंटा वाजली की दाराकडे धावून भुंकणे हा कुत्र्याचा स्वभाव. त्याचा बहिऱ्या माणसाला काय उपयोग? म्हणून त्याला आधी माणसाकडे यायला शिकवतात. त्याने नाकाने किंवा पंजाने माणसाला स्पर्श करायचा आणि मग आवाज जिथून आला तिकडे न्यायचे. घंटा, घड्याळाचा गजर, मुलाचे रडणे या प्रत्येकासाठी हेच. मात्र आगीची सूचना देणारी घंटा वाजली तर त्याने माणसाला तिकडे नेऊन चालणार नाही. तेव्हा तो स्पर्श करतो आणि जमिनीवर आडवा पडतो. त्याचा अर्थ, इथे धोका आहे, बाहेर चल. बाजारात, स्टेशनवर, परक्या हॉटेलात या आडवे पडण्याने माणूस वाचू शकतो. कारण ठार बहिऱ्या माणसाला धोक्याची घंटा म्हणजे भिंतीवरची एक मुकी पेटी असते.

नाकाचे काम करणारी कुत्री मधुमेह्यांच्या उपयोगी पडतात. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर एकाएकी उतरली, सत्तरच्या खाली गेली, तर घाम फुटतो, हात कापतात, बोलणे अडखळते. लोकांना वाटते, स्वारी पिऊन आली आहे. काहींना तर ही पूर्वसूचनाही मिळत नाही. साखर उतरते तेव्हा श्वासातले आयसोप्रीन नावाचे द्रव्य वाढते, असे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले. कुत्रा नेमका तोच वास ओळखतो की आणखी कशाचा, हे तूर्त बाजूला ठेवू. ब्रिस्टॉलच्या संशोधकांनी २०१९ साली २७ शिकवलेल्या कुत्र्यांची कामगिरी तपासली. साखर वरखाली झाल्याचे चार हजारांवर प्रसंग त्यांनी पाहिले. साखर उतरली अशा प्रसंगांपैकी सरासरी ८३ टक्के वेळा कुत्र्याने इशारा दिला होता. एका कुत्र्यात आणि दुसऱ्यात फरक पुष्कळ होता, आणि इतर अभ्यासांतून याहून उणे निकालही निघाले आहेत. म्हणून रक्त तपासायचे यंत्र कोणी फेकून देऊ नये. पण हा कुत्रा लहान असेल तर त्याला छातीशी झोळीत घेऊन हिंडता येते, आणि मालकाचा श्वास सतत त्याच्या नाकाशी राहतो. अमेरिकेत सरकारी खुलाशातच हे उदाहरण दिलेले आहे. झोळीतला कुत्रा पाहून आपण ज्याला शौक समजू, ते त्या माणसाचे औषध असते.

असो. इतके सगळे विलायतेचे झाले. आता रत्नागिरीकडे येतो.

आमच्या आळीत एक काकू राहतात. वय चौऱ्याहत्तर. प्राथमिक शाळेत चौतीस वर्षे मास्तरीण होत्या. यजमान गेले, मुलगा पुण्याला, घर मोठे आणि माणूस एक. सात-आठ वर्षांपूर्वी त्यांचे कान जाऊ लागले. म्हातारपणी कान जातात ते एकदम जात नाहीत. वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात. पाखरे मुकी होतात, दारावरची घंटा जाते, आणि बोलण्यातले स, श, त, क पुसट होतात. म्हणजे शब्दाचे स्वर ऐकू येतात आणि व्यंजने गळतात. काकूंना 'साठ' आणि 'आठ' एकच वाटू लागले. कानाला यंत्र लावले, पण यंत्र घरात बरे. राम आळीत ऐन बाजाराच्या वेळी ते सगळाच गलका मोठा करून कानात ओतते, आणि आवाज कुठून येतो ते कळत नाही. दोनदा स्कूटर अंगावर येता येता राहिली. काकूंनी बाहेर जाणे कमी केले.

त्यांच्याकडे तेव्हा एक कुत्री होती. ज्याला आपण सरसकट पॉमेरियन म्हणतो ते बहुधा भारतीय स्पिट्झ असते. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन'मध्ये चिठ्ठी भलत्याच्या हाती देऊन योग्य ते लग्न जुळवणारा टफी आठवतो ना, त्याच कुळातला. काकूंच्या कुत्रीची आई त्यातली, बाप गावठी. पांढरी, कपाळावर काळा ठिपका, म्हणून नाव टिकली. वजन साडेचार किलो; ते काकूंनी वाण्याच्या काट्यावर करून घेतलेले आहे.

टिकलीला कोणत्याही संस्थेने शिकवलेले नाही. काकूंनी शिकवले. बेल वाजली की टिकली दाराकडे पळून भुंके, आणि काकूंना पत्ता नसे. मग मास्तरीणबाईंनी डोके चालवले. शेजारच्या मुलाला बेल वाजवायला उभा केला, आणि टिकली दाराकडून वळून आपल्याकडे येऊन गुडघ्याला पाय लावील तेव्हाच पोळीचा तुकडा, एरवी नाही, असा शिरस्ता ठेवला. विलायतच्या शाळेत जे करतात तेच हे, पण काकूंना त्याची वार्ताही नव्हती. मी विचारले तर म्हणाल्या, "अरे, पहिलीच्या पोरांना ग म भ न असेच शिकवते मी. चुकले तर ओरडायचे नाही, बरोबर आले की लगेच शाबासकी. एका दिवशी एकच अक्षर." पंधरवड्यात बेल झाली. मग कुकरची शिटी. मग दूधवाल्याची हाक. मग मोबाइल.

रस्त्यावरचे शिक्षण मात्र दोघींनी एकमेकींना दिले. टिकली डाव्या बाजूने चालते. काकू रस्त्याकडे कमी आणि तिच्या कानांकडे जास्त बघतात. कान मागे फिरले की मागून काहीतरी येते आहे. काकू कडेला होतात. टिकली थांबली की काकू थांबतात. विजेवर चालणाऱ्या स्कूटरी आल्यापासून तर चांगल्या कानाच्या माणसांनाही मागचे वाहन कळत नाही, टिकलीला कळते. गर्दी फारच असली की काकू तिला कापडी पिशवीत घालून खांद्याला अडकवतात. तोंड तेवढे बाहेर. पिशवीतूनही काम चालूच असते. काही ऐकले की ती काकूंच्या दंडाला नाक लावते. काकू म्हणतात, "माझे कान मी पिशवीतून नेते."

डॉक्टरांच्या दवाखान्यातली हकिकत ऐका. तिथे कंपाउंडर नंबर पुकारतो. साठ-आठच्या घोळात काकूंचा नंबर दोनदा हुकला. मग काकूंनी त्याला सांगितले, नंबर नको, 'काकू' म्हणून हाक मार, टिकलीला ते कळते. पण रत्नागिरीच्या दवाखान्यात 'काकू' म्हटले की निम्मा बाकडा उभा राहतो, आणि टिकली प्रत्येक वेळी काकूंना ओढू लागली! शेवटी कंपाउंडरनेच तोड काढली. काकूंची पाळी आली की तो आत डोकावून "टिकली!" अशी हाक मारतो. टिकली उठते, पंजा लावते, काकू आत जातात. बाकड्यावरच्या मंडळींना याची आता इतकी सवय झाली आहे की कोणी हसतही नाही.

एका बँकेत मात्र निराळे घडले. बँकेचे नाव मी सांगत नाही, कारण तिथे नसते तर दुसरीकडे झालेच असते. नोव्हेंबर महिना, निवृत्तिवेतनधारकांनी हयातीचा दाखला द्यायचे दिवस. काकू टिकलीला घेऊन गेल्या. दारावरच्या रखवालदाराने अडवले. काकूंनी सांगितले, ही माझ्या कानांच्या जागी आहे. तो बिचारा साहेबांना विचारून आला आणि म्हणाला, "लहान आहे तर पिशवीत ठेवा, बाहेर दिसू देऊ नका." काकू आत गेल्या. पुढल्या वर्षी रखवालदार बदलला होता आणि साहेबही. कुत्रे म्हणजे कुत्रे, असे उत्तर मिळाले. काकूंनी टिकलीला बाहेर रिक्षावाल्याच्या स्वाधीन केले, आत गेल्या, नाव पुकारलेले ऐकू आले नाही, दीड तास बसून राहिल्या.

मी त्यांना म्हणालो, "काकू, हा दाखला हल्ली मोबाइलवरून देता येतो. मी करून देतो."

त्या म्हणाल्या, "मी हयात आहे हे मोबाइलला काय सांगायचे? चार माणसांना दिसू दे की."

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. मात्र पहिल्या वर्षीच्या प्रवेशाबद्दल त्या जे बोलल्या ते मला जास्त लागले. "त्या वर्षी आत सोडले, पण चोरून काही नेल्यासारखे वाटले रे. पोरे परीक्षेत चिठ्ठ्या नेतात ना, तसे."

लहान कुत्र्याचे दुखणे इथे आहे. मोठ्या कुत्र्याला दारात एकतर हो मिळते किंवा नाही. लहानाला मिळतो तो कानाडोळा. तो लपवता येतो म्हणून आत जातो, आणि लपवून नेलेल्या वस्तूला हक्क नसतो. रखवालदार बदलला की प्रवेश संपला. खरे पाहता दारात उभी असते ती बाई. कुत्र्याला बँकेत खाते उघडायचे नसते.

आपला दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. जुन्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात एकवीस आहेत. बहिरेपणा त्यांत आहे. सार्वजनिक जागा आणि वाहने सर्वांना वापरता यावीत, भेदभाव करू नये, वाजवी ती सोय करून द्यावी, असे त्यात म्हटले आहे. पण मदतनीस कुत्र्याचा त्यात उल्लेख नाही. वकील म्हणतील, 'वाजवी सोय' या दोन शब्दांत कुत्राही बसतो. बसत असेल, पण दारावरच्या रखवालदाराने तो बसवायचा कसा? रेल्वेचा सर्वसाधारण नियम असा की कुत्रा बरोबर हवा तर फर्स्ट एसीचा सबंध कूपे किंवा केबिन आपल्या ताब्यात हवा. नाहीतर त्याची रवानगी गार्डाच्या डब्यातल्या पेटीत. म्हणजे काकू मुलाकडे निघाल्या तर त्या एका डब्यात आणि त्यांचे कान दुसऱ्यात!

जपानने या कामासाठी २००२ साली स्वतंत्र कायदाच केला. वाटाड्या, हातकाम करणारे आणि कानांचे काम करणारे, असे तिन्ही प्रकार त्यात नावानिशी आहेत. आधी सरकारी इमारती आणि वाहने, आणि वर्षभराने हॉटेले, उपाहारगृहे, दुकाने, अशी दारे क्रमाने उघडली. अमेरिकेतल्या नियमात मला एक गोष्ट फार शहाणपणाची वाटते. दुकानदाराला फक्त दोन प्रश्न विचारता येतात: अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का, आणि त्याला कोणते काम शिकवले आहे. माणसाचा आजार विचारायचा नाही, कागद मागायचे नाहीत, कुत्र्याची जात किंवा वजन काढायचे नाही. मात्र कुत्रा मालकाच्या ताब्यात नसेल किंवा त्याने घाण केली, तर त्याला बाहेर काढता येते. त्याने जमिनीवर राहावे किंवा मालकाच्या अंगावर. हॉटेलच्या खुर्चीवर नाही आणि दुकानातल्या ढकलगाडीतही नाही.

यात लबाडी होत नाही असे नाही. कुत्र्याला झूल घालून तो मदतनीस असल्याचे सोंग करणारे तिकडे पुष्कळ निघाले. पुढे तर 'मनाला आधार' म्हणून कोणी काय काय आणू लागले. जानेवारी २०१८ मध्ये एका बाईंनी विमानात बसण्यासाठी मोर आणला होता! कंपनीने नकार दिला. मोरावर बसण्याचा मान आपल्याकडे सरस्वतीचा, पण तीही त्याला विमानात घालीत नाही. या गोंधळाला कंटाळून तिथल्या सरकारने डिसेंबर २०२० मध्ये विमानांपुरता नियम बदलला: काम शिकलेला कुत्रा तेवढा खरा, नुसता मनाला बरे वाटणारा प्राणी नव्हे. मला हा निवाडा पटतो. लाडक्या कुत्र्याला घेऊन हॉटेलात शिरणारे हौशी लोक काकूंचे सर्वांत मोठे शत्रू आहेत. कारण त्यांच्या कुत्र्याने एकदा कोणाच्या पोटरीला दात लावले की पुढची पाटी काकूंच्या नाकासमोर लागते.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पुष्कळांना कुत्र्याची भीती वाटते, आणि आपल्या देशात ती भीती खुळी नाही. इथे कुत्रा चावल्याने माणसे खरोखर मरतात. टिकलीला दर वर्षी रेबीजची लस टोचलेली असते आणि तिचे कार्ड काकूंच्या पर्समध्ये असते, हे समोरच्याला कसे कळावे? भटक्या कुत्र्यांचा प्रश्न तर दोन्हींकडून बोचतो. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातून भटकी कुत्री हलवण्याचा आदेश दिला. त्यावर वाद पुष्कळ झाले. पण मदतनीस कुत्र्याला गल्लीतल्या टोळीइतका त्रास कोणाचाच नाही. चार कुत्री भुंकत अंगावर आली की टिकलीचे सगळे लक्ष त्यांच्याकडे. त्या वेळी मागून आलेली रिक्षा तिला ऐकू आली तरी ती सांगणार कशी? आमच्या नाक्यावर अशी टोळी आहे. तिथे टिकली पिशवीत जाते. मोठा कुत्रा असता तर काकूंनी काय केले असते, देव जाणे.

आणि लाड करणारे लोक! मुले धावत येतात, मोठी माणसे बिस्किटे पुढे करतात. काकू हसून म्हणतात, "नोकरीवर आहे ती. सुटली की या." डोळ्यांच्या डॉक्टरला शस्त्रक्रिया चालू असताना कोणी गुदगुल्या करीत नाही, तेवढीच अपेक्षा आहे.

कोकणचे हवामानही पाहावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी डांबर असे तापते की कुत्र्याचे तळवे भाजतात. म्हणून काकू त्या दिवसांत सकाळी नऊच्या आत बाजार उरकतात. पावसाळ्यात टिकलीला भिजल्यावर नीट पुसावे लागते, नाहीतर कातडीचे रोग होतात. लहान कुत्री मोठ्यांपेक्षा जास्त जगतात, बारा ते पंधरा वर्षे सहज, हा एक फायदा. पण त्यांचेही कान म्हातारपणी जातात.

टिकलीला यंदा दहावे लागले. परवा मी या लेखासाठी काही विचारायला गेलो, तेव्हा तिने मला दारात पाहिले, काकूंच्या गुडघ्याला पंजा लावला आणि परत पायपुसण्यावर जाऊन बसली. मी काकूंना इंग्लंडच्या संस्थेविषयी सांगितले. तिथली कुत्री कशी शिकतात, सगळे ऐकून घेतले. वाक्य संपेपर्यंत त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "चांगले आहे. पण तिकडचा कुत्रा आणला तर त्याला कुकरची शिटी माहीत असेल का रे? आणि त्याला हाक मारायची ती मराठीत चालेल का?"

मी म्हणालो, "काकू, मराठी तुम्ही शिकवाल."

"ते शिकवीन," त्या म्हणाल्या. "पण बँकेतल्या साहेबाला आधी कोण शिकवणार? नोव्हेंबर आला."

या वर्षी मी त्यांच्याबरोबर जाणार आहे. टिकली पिशवीत नसेल. ती चालत येणार आहे. मी साहेबांसाठी मराठीत एक अर्ज लिहून ठेवला आहे. त्यात तिचे नाव, लसीची तारीख आणि ती करते ती कामे लिहिली आहेत. काकूंनी तो वाचून दोन ठिकाणी शुद्धलेखन तपासले आणि 'कुत्री' हा शब्द खोडून 'मदतनीस' असा घातला.